पंख्याच्या वाऱ्यावर निवलेले मणी

४ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. मोठे कारागीर सुरुवातीच्या काळातलं काही लिहून ठेवत नाहीत, मग मागून लोक अंदाज बांधत बसतात. माझं तसं होऊ नये. अर्थात वही खाजगी आहे.

काचेचे मणी करायच्या क्लासला काल रामराम ठोकला. सहा दिवसांचा क्लास, माझा हात तिसऱ्याच दिवशी बसला. उरलेले तीन दिवस बाई नुसतं मणी निववायला शिकवणार होत्या. निववायला! गरम वस्तू आपोआप गार होते, त्यात शिकायचं काय? पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी तपासली आहे. वेळकाढूपणा मला लांबूनच कळतो.

मागच्या खोलीत टेबल, गॅसची ज्योत, काचेच्या कांड्या, सगळं मांडलं. हिनं न विचारता खिडकीचा पडदा काढून नेला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण नवऱ्यावर विश्वास म्हणून नाही.

५ फेब्रुवारी
पहिला मणी. निळा.

डाव्या हातात मातीचा लेप दिलेली सळई, उजव्या हातात काचेची कांडी. ज्योतीत धरलं की कांडीचं टोक लाल होतं, मग पाकासारखं लोंबायला लागतं. तो थेंब पडायच्या आत सळईवर गुंडाळायचा आणि सळई फिरवत राहायची. जरा थांबलं की मणी एका बाजूला ओघळलाच. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नाही. गुडघा नाही, पेन्शनचा फॉर्म नाही, हिचं बोलणंही नाही.

तापलेला असताना मण्याचा खरा रंग दिसत नाही. निवत गेला की आतून वर येतो. तो निळा वर येताना बघितला आणि डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला असेल. धूर नव्हता, पण असेल.

७ फेब्रुवारी, दुपारी
बाईंची पद्धत अशी, की मणी ज्योतीतून काढला की थेट विजेच्या भट्टीत. मग भट्टीची आच तासातासानं उतरवायची. मणी हातात येणार दुसऱ्या दिवशी. तोवर रंग बघायचा नाही! मग करायचे तरी कशाला?

माझी पद्धत: दहा मिनिटं वाळूच्या डब्यात, मग टेबलफॅनसमोर. फॅन आमच्याच कारखान्याचा, माझ्याच हातून पास झालेला. तीन नंबरवर ठेवला, तासाभरात अकरा मणी गार. ही म्हणाली, की बाईंना एवढ्या वर्षांत पंखा सुचला नसेल का? नाही सुचला. शोध असेच लागतात.

१२ फेब्रुवारी
लेकीसाठी माळ करायला घेतली आहे. मणी मोठे, बोराएवढे. बारीक मणी भित्र्या माणसांनी करावेत.

छत्तीस केले. प्रत्येक भिंगाखाली फिरवून बघितला. रिजेक्शन शून्य. चोवीस माळेत ओवले, बारा ड्रॉवरमध्ये जादाचे. ही म्हणाली, की महिनाभर माळ घरातच राहू दे, नाहीतर बाईंना एकदा दाखवून आणा. मी म्हटलं, की तपासणीचं मला कोणी शिकवू नये. त्यावर ही कणीक मळत राहिली.

१५ फेब्रुवारी
लेक जेवायला आली. माळ घातली, छान आहे म्हणाली. नात नऊ महिन्यांची, दात येताहेत. दिसेल ते तोंडात. कडेवर बसल्या बसल्या तिनं माळेतला सर्वांत मोठा मणी पकडला आणि थेट हिरड्यांखाली घातला. काय तो आनंद! रडं लगेच बंद. मी म्हटलं, घ्या, आजोबांच्या मण्याचा असाही उपयोग.

सगळे हसले. म्हणजे मी हसलो. ही आणि लेक एकमेकींकडे बघत होत्या. लेकीला म्हटलं, की रोज घालत जा, कपाटात ठेवायला नाही केलेली. ती बरं म्हणाली.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
मागच्या खोलीत पेपर वाचत होतो. टिक् असा आवाज आला. बोटं मोडल्यासारखा, पण कोरडा. पाल असेल म्हणून सोडून दिलं.

नंतर ड्रॉवर उघडला. बारापैकी एका मण्याचे दोन तुकडे. कोणी हात लावलेला नाही. कडा अशी साफ, की पात्यानं कापावी.

कारण: खिडकीतलं ऊन. पडदा कोणी नेला ते वर नोंदवलेलं आहेच.

२५ फेब्रुवारी
आणखी दोन फुटले. दोन्ही भिंगाखाली निर्दोष होते. तुकडा उचलताना बोट कापलं. दुखलं नाही, रक्त आलं तेव्हा कळलं. हिला सांगितलं, की पेन्सिलला टोक काढत होतो. हिनं पट्टी बांधली आणि पेन्सिल कुठे आहे ते विचारलं.

माळेतले मणी मात्र वेगळे. निवडून घेतलेले होते.

२६ फेब्रुवारी, सकाळी
निवडून घेतले होते खरे, पण रंगावरून.

बारात तीन. कारखान्यात शंभरात तीन निघाले तर मी लाइन बंद करायचो. मॅनेजर अंगावर आला तरी हटायचो नाही. पण तो पंख्यांचा नियम. काचेला लावता येत नाही.

उद्या लेकीला फोन करायचा. ठरलं.

२७ फेब्रुवारी
फोन केला नाही. शुक्रवारी तिच्या ऑफिसात मीटिंग असते. त्याऐवजी मेसेज टाकला, की माळ कशी आहे. तिनं अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे उत्तम. उगाच घाबरवून काय मिळवायचं?

संध्याकाळी ५. टिक्. चौथा.

२८ फेब्रुवारी
आज एकही नाही. दिवसभर ड्रॉवरपाशी बसून होतो. धोका टळला.

ही दोनदा दारात येऊन गेली. काय करताय म्हणाली. मी म्हटलं, निरीक्षण. नात कशी चोखत होती ते सारखं डोळ्यांसमोर येतं. ते डोळ्यांसमोर येऊ द्यायचं नाही, असा आजचा संकल्प.

१ मार्च
बाईंकडे गेलो. माझं नाव न घेता, एक मित्र आहे म्हणून सांगितलं. पंख्याचं ऐकून त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. मी नेलेला तुकडा उजेडात धरून म्हणाल्या, की मणी बाहेरून आधी घट्ट होतो आणि आतून ओढतच राहतो. घाईनं गार केला की ती ओढ आत अडकून बसते. भिंगातून दिसत नाही. आज फुटेल, नाहीतर सहा महिन्यांनी. म्हणून तर तीन दिवस त्यासाठी ठेवले होते.

मग म्हणाल्या, की जे फुटले नाहीत ते घेऊन या, भट्टीत पुन्हा तापवून सावकाश उतरवू, वाचतील. मित्राचे सगळे मणी घरातच आहेत ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. सगळे? त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

परत येताना एक नामी योजना सुचली. लेकीला म्हणायचं, की माळेचा हुक बदलायचाय, पाठवून दे. माळ परत येईल आणि कोणाला काही कळणार नाही. डोकं शाबूत आहे अजून.

२ मार्च, सकाळी १०
फोन केला. हुक अगदी छान आहे म्हणाली लेक, तुम्ही नका त्रास घेऊ बाबा. मागे नात काहीतरी चघळत असल्यासारखा आवाज येत होता. मी म्हटलं, बरं मग, राहू दे.

राहू दे म्हटलं मी.

दुपारी २. एकदम दोन फुटले. हातातली वही पडली. ही दारात उभी. काय फुटलं म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. हिनं माझा मोबाइल आणून टेबलावर, माझ्यासमोर ठेवला. समोरच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत राहिली. शेंगा संपल्या तरी उठली नाही.

आज घसा बसल्यासारखा वाटतोय. उद्या नक्की.

३ मार्च, सकाळी ९
लेकीचा मेसेज. रात्रभर नात रडत होती, काही गिळवत नाही, डॉक्टरकडे निघालोय.

काही गिळवत नाही.

९:२०. उचलत नाही. ९:३५. उचलत नाही. हिला म्हटलं, दातांचा त्रास असेल. माझाच आवाज मला परका वाटला. ड्रॉवरमध्ये सहा उरलेत. इतके सुंदर आहेत, की बघवत नाही. तो निळा अजून तसाच आहे.

१०:१०. उचलत नाही.

३ मार्च, दुपारी १
११:४० ला उचलला. तिनं हॅलो म्हणायच्या आत मी सगळं ओकून टाकलं. क्लास सोडला, पंख्यासमोर गार केले, ड्रॉवरमधले फुटताहेत, मला आठवडाभर माहीत होतं, हुकाला काही झालेलं नव्हतं, आधी माळ काढ, तिचं तोंड बघ, डॉक्टरांना सांग काच आहे म्हणून. मी रडत होतो. धूर नव्हता.

लेक म्हणाली, की घसा सुजलाय तिचा, औषध दिलंय, दोन दिवसांत बरी होईल. आणि माळ तिनं नंतर घातलेलीच नाही. त्या दिवशी आमच्या जिन्यातच काढली, रुमालात गुंडाळली, घरी जाऊन डब्यात घालून वर ठेवली. मी म्हटलं, पण तेव्हा तर एकही फुटला नव्हता! ती म्हणाली, की बाबा, तुम्ही केलेलं काहीही आम्ही आधी महिनाभर लांबच ठेवतो. लहानपणापासून. आईनंच सांगितलंय. हे ती अगदी मायेनं म्हणाली.

फोन ठेवला. हिला विचारलं, की माळ डब्यात आहे हे तुला ठाऊक होतं? हो म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग मला जळत का ठेवलंस? तर म्हणाली, की पहिला मणी फुटला तो मीही ऐकला होता. तुम्ही पोरीला कधी सांगताय, तेवढं बघायचं होतं.

सांगितलं ना, मी म्हटलं.

ही म्हणाली, नऊ दिवस लागले.

मी म्हटलं, आठ.