मान हलवू नका

प्रिय बुटके,

ओळी तिरक्या गेल्यात, हसू नकोस. फोनवर मी तोंड उघडलं की तू लगेच "बाबा, मुद्द्यावर या" म्हणतेस, आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. म्हणून कागद घेतला. दुकान बरं चाललंय. खुर्च्यांचं रेक्झिन बदललं. रंग तुझ्या आईने निवडला, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. दाढ्या सध्या भागीदार करतो, मी फक्त केस कापतो.

हा धंदा मला कुणी शिकवला नाही, हे तू हजारदा ऐकलंयस. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तरा फिरवायचा, असा हात बसवला. स्वतःचे केसही दोन आरसे लावून मीच कापतो. पण गळ्यावर वस्तरा धरणाऱ्याला नीट दिसायला हवं, आणि मला दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला म्हणालो होतो, ती थाप होती. साखरेने डोळ्यांवर घाला घातलाय. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नको तिथे कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्या आतल्या आत पाझरतात. त्यांना आवर घालायला पडद्यावर लेसरचे बारीक डाग द्यावे लागतात.

डॉक्टरबाईंनी आधी पडद्याचा फोटो घेतला. स्क्रीनवर तो नारिंगी, ताटाएवढा दिसला. डाग कुठे द्यायचे त्याच्या खुणा त्यांनी त्यावरच केल्या आणि मधला एक भाग गोल करून वगळला. वाचणं, माणसं ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर. मग यंत्र त्या खुणांवर नेम धरतं. डोळा किंचित हलला तर नेमही मागोमाग सरकतो, जास्त हलला की लेसर आपोआप बंद. काम चोख आहे, मानलं आपण.

घोडं अडलं ते माझ्यापाशी. हनुवटी टेकवलेली, कपाळाला पट्टा, डोळ्यावर भिंग लावलेलं, त्यामुळे पापणी मिटायची सोय नाही. समोर यंत्र, खोलीत अंधार. लखकन उजेड आला की माझं डोकं मागे. लेसर बंद. पुन्हा हनुवटी, पुन्हा भिंग, पुन्हा डोकं मागे. जन्मभर लोकांना "मान हलवू नका" म्हणत आलो तो मी! बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही काही करू नका. नुसतं बसा." अगं, नुसतं बसणंच तर मला येत नाही. सिस्टरने मागून डोकं धरलं, तर मी "सोडा हो!" म्हणून खेकसलो. मग तुझ्या आईला आत बोलावलं. तिने धरलं आणि मुसमुसायला लागली. ती हलली की मीही हलायचो. "काकू, तुम्ही बाहेर बसून चहा घ्या बरं," बाई म्हणाल्या. माझा जीव असा कोंडला, की भिंग काढताक्षणी उठलो आणि चालू पडलो. निम्म्याहून जास्त खुणा तशाच राहिल्या. घरी तुझी आई सारखी "लेकीला कळवा" म्हणत होती आणि मी तिला गप्प करत होतो.

आता मुद्दा. डावा डोळा गेलाय, बुटके. आत रक्त साकळलंय, नुसता धूर दिसतो. त्याचं पुढे बघू म्हणतात. लेसर चाललंय ते उजव्याला, आणि तोच काय तो उरलाय. गुरुवारी सकाळी परत बोलावलंय. एकटा बसलो तर मी पुन्हा पळेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या खेपेला घरी आली होतीस, तेव्हा निघता निघता तू माझी कॉलर ओढून मानेवरचे राहिलेले चार केस कापलेस. मी कुरकुरलो, पण हललो नाही. तुझ्या हाताखाली मान देता येते मला. ये. माझ्या मागे उभी राहा, दोन्ही हातांनी डोकं धर, आणि मी कितीही ओरडलो तरी सोडू नकोस.

तुझाच हट्टी,
बाबा