भाऊबीजेचे सात रीटेक

वडवणी,
भाऊबीजेनंतरचा चौथा दिवस

तीर्थरूप बंकटदाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, परमेश्वरचा, कमरेतून वाकून नमस्कार. (एवढं वाकायची सवय नुकतीच लागली आहे. कारण पुढे येईल.) घाटनांदूरला आपला गुडघा ऐकत असेल आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर चालू असेल अशी आशा करतो. आजची राहिली असेल तर ती घेऊन मगच पुढे वाचावे.

कळवायला अत्यंत आनंद होतो की आपला पिच्चर पूर्ण झाला! दसऱ्याला चार पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात की झेरॉक्सच्या दुकानात बसून कोणी पिच्चर काढत नसतं. काढला, दाजी. रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पडदा लागतोय आणि पहिली खुर्ची तुमची.

मूळ खोड एका जुन्या हॉलिवूडच्या पिच्चरची. मोबाईलवर नऊ वेळा बघितला. तो आणि ती भांडतात, गातात, पुन्हा भांडतात, आणि शेवटी शंभरभर बाया रांगेत एकदम पाय उचलतात तेव्हा मला रडू येतं. (हसू नका.) तो कसा बनवला तेही बघितलं. बाग खोटी, चंद्र खोटा, पाऊस नळाचा, आणि नाच चुकला की तीस-तीस वेळा पुन्हा. मी ठरवलं, असा एक वडवणीत झालाच पाहिजे. नायक-नायिका म्हणून मेंढरंवाला लखन आणि त्याची बायको संगीता घेतली, कारण परक्या बाईचा हात धरणारा नायक आपल्याकडे धडधाकट राहत नाही. भांडणाचा भाग एका दिवसात उरकला, त्यांना काही शिकवावंच लागलं नाही. प्रेमाला मात्र अकरा दिवस लागले. त्यातही मेंढरं मधे मधे आलीच.

राहिला शेवटचा नाच. त्याच्याशिवाय पिच्चर म्हणजे नुसतं नवरा-बायकोचं भांडण, आणि ते लोक घरी फुकट बघतात. ऊसतोडीच्या टोळीतल्या चाळीस बाया तयार झाल्या, पण त्यांचे ट्रक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याकडे निघणार होते. बीडहून नाचाचे मास्तर आणले. त्यांनी दोन दिवस एक-दोन-तीन-चार केलं, तरी चाळीस बाया चाळीस दिशांना! मास्तर कपाळ बडवत एसटीत बसले. भाऊबीजेची सकाळ उजाडली आणि मी टोळीसमोर कमरेतून वाकून अक्षरशः हात जोडले. तेव्हा तीस वर्षं ऊस तोडणाऱ्या कडूबाई म्हणाल्या, "आरं लेकरा, मोकळ्या हातानं आमाला काय बी येत न्हाई. कोयता दे, मग बघ."

कोयता दिला. दाजी, काय सांगू! वाकल्या, तोडलं, वळल्या, टाकलं. चाळीस पाठी एकदम खाली, चाळीस कोयते एकदम वर, आणि मधे लखन-संगीता, या खेपेला न भांडता. हॉलिवूडने तोंडात बोट घालावं असा नाच झाला. सात रीटेकमध्ये जमला. मी रडलो, लखन रडला, मेंढरंसुद्धा गप्प उभी होती. दुसऱ्या दिवशी ट्रक निघाले तेव्हा बाया ट्रकात उभ्या राहून तोच नाच करत गेल्या.

आपला आज्ञाधारक,
परमेश्वर

ता. क. : कोयता म्हटला की ऊस लागतोच. तुमच्या इथल्या रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांतला घेतला, ज्याच्यावर लक्ष ठेवायला तुम्ही मला सांगितलं होतं. हॉलिवूडवाल्यांचं बरं असतं, बाग खोटी असते. आपला ऊस खरा, एकदा तोडला की पुन्हा उभा राहत नाही, त्यामुळे प्रत्येक रीटेकला पुढच्या सऱ्या लागत गेल्या. आता सऱ्या संपल्या आहेत. ऊस वाळत चाललाय, तेव्हा तिकडच्या तुमच्या ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याला आजच फोन करावा, ही मुख्य विनंती.

ता. क. २ : परवानगी घेतली होती. आमची शिवकन्याआक्का भाऊबीजेला आली ती म्हणाली, "साडी नगं मला. पहिल्या रांगेत उभी कर." लग्नाआधी पाच वर्षं ती आईबरोबर कारखान्यावर होती, हात अजून तस्साच चालतो. कडूबाईंच्या शेजारी हिरव्या लुगड्यात, सगळ्यांत आधी कोयता उचलणारी, ती तुमची मंडळी. ऊस मालकाचा म्हणजे अर्धा माझा, असा तिचा हिशेब होता. पहिले तीन रीटेक तिच्या अर्ध्यात झाले. पुढचे चार तुमच्यात. पंचवीस वर्षांत आक्काला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं, दाजी, आणि तुम्हीही नसेल. ती इथेच थांबली आहे. तिचा निरोप एवढाच, की आधी पिच्चर बघायचा, मग शेत.