पंख्याखाली तेवणारा दिवा कुणाच्या हाती

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

मी, सौ. अलकनंदा सूर्यकांत साबडे, वय एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार वसुंधरा, गाझियाबाद, आज पूजा आटोपून, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. असेलही. पण गॅसचं बटण पाहिल्याशिवाय मी भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाही, त्यातलंच हे समजावं.

१. राहत्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा यजमान श्री. सूर्यकांत यांना, त्यांच्या पश्चात चिरंजीव धवल आणि सून अक्षता यांना सारखा. पोस्टातली ठेव यजमानांना. त्यातून माझ्या तेराव्याला जेवणावळी उठवू नयेत. वरण-भात आणि एक गोड पुरे. वाचलेल्या पैशांच्या चादरी घेऊन हिंदूराव रुग्णालयाच्या आवारात थंडीत बसलेल्या नातेवाइकांना द्याव्यात. घासाघीस करून घ्याव्यात.

२. पाटल्या अक्षताला. मोडून नवीन करू नयेत, घडणावळ फुकट जाते.

३. पत्र्याची कात्री, कानस, पक्कड आणि डाग द्यायची विजेची सळई हीही अक्षताला. यजमानांनी पक्कडीने अक्रोड फोडणे आजपासून बंद.

४. आता मुख्य गोष्ट.

आमच्याकडे नवरात्रात घट बसतात आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. दिवा शांत होऊ नये म्हणून पंखा बंद. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून हे बनियनवर बसून म्हणत आले, "देवी प्रसन्न होईल गं, पण तोवर मी वितळेन." एका वर्षी धवलने गुपचूप पंखा लावला आणि दिवा गेला. माझ्या जिवाला ते फार लागलं. देवीला वाऱ्याचं वावडं नाही, ज्योतीला आहे, मग ज्योतीचा बंदोबस्त करावा, असं मनात आलं. चहाच्या जुन्या गाळण्या आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी दिव्याला झाकण केलं. हवा खालून आत जाते, पंख्याचा झोत आत शिरत नाही. पुढच्या नवरात्रात हे शर्ट घालून आरतीला उभे राहिले.

आनंदाच्या भरात मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच झाकणांचं वाण दिलं. वाण घरचं असावं, बाजारातलं प्लास्टिकचं डबडं नको, एवढाच माझा विचार. मंडळातल्या झाडून सगळ्या बायका तिळगूळ आणि झाकण घेऊन घरी गेल्या.

त्यांत आमच्या खालच्या मजल्यावरची वैजयंती होती. तिच्या भावाचा फरिदाबादला पत्र्याचा कारखाना. नवरात्राच्या तोंडावर बाजारात माझी झाकणं मखमली खोक्यात विकायला आली. मी जिना उतरून गेले.

"अगं, हे माझं झाकण!"

"तुझं कसं? तू मला वाण दिलंस ना? वाण परत मागतात का कुणी?"

तिने केलेला चहा पिऊन वर आले. साखर कमी होती.

मग पेटंटची कामं करणाऱ्या वकील चेतनाकडे गेले. तिने विचारलं, "काकू, अर्ज करायच्या आधी हे कुणाकुणाला दिलंत?"

"हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना."

तिने पेन खाली ठेवलं. "मग ते आता नवीन राहिलं नाही. तुम्हाला पेटंट मिळणार नाही. वैजयंतीबाईंनाही नाही."

दुसऱ्या वाक्याने मला एवढा दिलासा मिळाला की येताना पेढे आणले.

पण राग जिरेना, आणि त्या रागातच दुसरा भाग सुचला. दिवा आपलं तेल आपणच रात्रभर घेतो आणि थेंब सांडत नाही. कसं, ते इथे लिहीत नाही. साक्षीदारांना डोळे असतात. या वेळी देवीलासुद्धा मनातल्या मनात सांगितलं. आधी चेतनाकडून तात्पुरता अर्ज केला, मग जेवले. तो मार्चमध्ये झाला. येत्या मार्चच्या आत पूर्ण अर्ज, आकृत्यांसह, गेला नाही तर तात्पुरता अर्ज बाद होईल. माझा जीव अडकलाय तो एवढ्यातच.

५. म्हणून या अर्जाचे आणि त्यातून मिळणाऱ्या पेटंटचे सर्व हक्क मी माझी सून अक्षता हिला देते. कारणंही लिहिते, नंतर कुजबुज नको.

यजमान सज्जन आहेत, पण फाईल पुढे ढकलण्यापेक्षा ती लाल फितीत सुरेख बांधण्यात त्यांची सारी नोकरी गेली. मार्च येईल आणि हे म्हणतील, "विचाराधीन आहे."

धवलला विचारलं तर म्हणाला, "आई यार, छोड ना, सदर बाजारवाला एकरकमी देतोय, देऊन टाकू. नाहीतर ॲप बनवू." दिव्याचं ॲप!

अक्षताने मात्र नमुना पाहून एकच प्रश्न केला, "आई, मांजराने धक्का दिला तर?" त्या प्रश्नाने मला आठ दिवस झोपू दिलं नाही आणि दिव्याची बैठक सुधारली. शिवाय तिच्या आईने फोनवर खोदखोदून विचारलं, "सासूबाई दिवसभर काय ठोकत असतात गं?" तेव्हा हिने बिल्कुल दाद न देता सांबार मसाल्याचा विषय काढला. असं तोंड मिटून ठेवणारं माणूस घरात असावं.

६. अट अशी. हक्क कायमचा विकू नये, बनवायची परवानगी देऊन वाटा घ्यावा. दिव्याची किंमत एवढीच असावी की बाईला तो घरखर्चातून, कुणाला न विचारता, घेता यावा. पूर्ण अर्ज दाखल होईपर्यंत हळदीकुंकवाला वाट्या द्याव्यात. स्टीलच्या.

७. चेतना म्हणाली, ज्याला काही मिळणार नाही अशा माणसाची साक्ष बरी. मी लगेच खाली गेले.

"मला काय ठेवलंयस?" वैजयंतीने विचारलं.

"काही नाही. म्हणून तर बोलावलं."

"अच्छा! मग चलो, येते."

तिच्याविषयी माझ्या मनात आता काही नाही. चौथं कलम खरं आहे म्हणून ठेवलं आहे.

८. अर्जात शोध लावणाऱ्याच्या रकान्यात टाइप करणाऱ्याने सवयीने यजमानांचं नाव घातलं होतं. ते स्वतःच त्याला म्हणाले, "अहो, मला दिव्यात तेल घालतासुद्धा येत नाही." नाव बदलून घेतलं. मी चेतनाला विचारलं, हक्क अक्षताला दिल्यावर ते नावही तिचं होणार का? ती म्हणाली, "मालकी कुणालाही देता येते, काकू. शोध ज्याने लावला त्याचंच नाव राहतं." लग्न होऊन सूनबाई झाले तेव्हा नाव बदललं, आडनाव बदललं. हे मात्र कुणाला देता येत नाही, असं कायदाच म्हणतो. तेव्हा ते तिथेच, माझ्याच नावावर राहील.

ठिकाण : वसुंधरा, गाझियाबाद
दिनांक : ४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती

(सही) अलकनंदा सूर्यकांत साबडे

वरील सही आम्हा दोघींच्या समोर, हसत हसत पण पूर्ण शुद्धीत झाली.

१. (सही) डॉ. विजयालक्ष्मी कानिटकर
२. (सही) वैजयंती मोहरीर. चौथं कलम वाचलं. त्या दिवशी साखर संपली होती.