पुसलेलं निशाण

३ मार्च
आलो एकदाचे! संग्रहालयानं आम्हा भावंडांना वरची खोली दिलीय, काम खालच्या दालनात. दादा चौकट दुरुस्त करणार, मी चित्र साफ करणार. चित्र भिंतभर आहे. हरलेला सेनापती गुडघ्यावर, शिरस्त्राण जमिनीवर, तळहात उघडे. मागे त्याचे निःशस्त्र शिपाई आणि मधोमध पांढरं निशाण. सेनापतीचा चेहरा दादाला थेट मामीनं भांडी घासायला बसवलेल्या मामासारखा वाटला. फार हसलो.

६ मार्च
द्रावकात बुडवलेल्या बोळ्यानं काजळी निघाली. निशाण मात्र मागाहून कुणीतरी रंगवलेलं. त्यावरच्या भेगा बाकीच्या भेगांशी जुळत नाहीत. व्यवस्थापकबाईंनी विनवलं, तेवढं राहू दे, आधीच्यांनी ते उगाच लावलं नसेल. मी कसली ऐकतेय! मूळचं तेच खरं, हा आमच्या धंद्याचा बाणा. दुपारपर्यंत निशाण पुसलं. खाली नुसतं आकाश निघालं.

८ मार्च
चार शिपाई मेलेत. परवा धडधाकट उभे होते. एकाचं मुंडकं धडाशेजारी पडलंय. रंग ओला नाही, भेगाही जुन्याच. दादा म्हणाला, डोळे तपासून घे. मग त्यानंच परवा काढलेला फोटो मी पुढे केला. त्यात सगळे जिवंत. त्यानंतर तो जेवलाच नाही.

९ मार्च, सकाळ
सगळे कापलेत. सेनापतीचे हात मनगटापासून तोडलेत. जिंकणारे चित्रात नाहीतच.
व्यवस्थापकबाई जिन्यात सापडल्या. गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला. हे माझंच पाप. शरण आल्याची खूण मी पुसली, आता दिसेल तो त्या जिंकणाऱ्यांचा शत्रू.

दुपार
बाहेरचं दार उघडत नाही. निशाण पुन्हा रंगवतेय — पांढरा लावला की लाल होतो. दादाच्या मांडीवर वार झालाय, हाड दिसतंय. चादर फडकवली, तीही लाल —

संध्याकाळ
खोलीत कोंडून घेतलंय. दादा दाराला पाठ लावून बसलाय. जिन्यावर बूट. देवा, मला ने, त्याला नको.
दाराची फळी फुटली.
शरण जाताना हत्याराची मूठ समोरच्याकडे करतात. खरवडायची सुरी तशीच फटीतून सरकवली. कुणीतरी अलगद घेतली. बूट थांबले. मानलं वाटतं —
सुरी परत आत येतेय. मोठ्या मनाचा विजेता शस्त्र परत देतो, म्हणजे अभय. दादा, वाचलो रे —
मूठ बाहेर, त्याच्याच हातात आहे. पातं दादाच्या