भावोजींचा नवा चष्मा

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला, मनाने पूर्ण आडवा झालो असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी काल सुखरूप पोचले असतीलच. 'असतीलच' का लिहिलं, ते पुढे येईल. आम्ही ठीक. तुझ्या भावजयीने शिवणयंत्र पुन्हा काढलंय आणि सकाळपासून ते दुकानाच्या वर धडधडत असतं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर काल इथे भूकंप झाला. घाबरू नकोस. आमच्या गावाला त्याचं नवल नाही; इथे कपाटं भिंतीला स्क्रूने जखडलेली असतात, आणि दिवा हलला तर माणसं चहाचा कप जरा उचलून धरतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात. कालचा तर अगदीच सौम्य. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की तो फार खोल, जमिनीखाली शंभरावर किलोमीटरवर झाला, म्हणून वर नुसता हेलकावा आला, नुकसान काही नाही. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ती वेळ ऐकली आणि हातातला घास हातातच राहिला. कारण त्या वेळी भावोजी माझ्या दुकानात, डोळे तपासायच्या खुर्चीत बसले होते.

माझी ती खोली तुला माहीत आहे, बोळ म्हणावी एवढी. अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा; अक्षरं आरशात वाचायची, म्हणजे अंतर दुप्पट होऊन पुरतं. दुकानातलं सगळं जखडलंय, तो आरसा मात्र एका खिळ्यावर लटकतोय. तुझी भावजय वर्षभर सांगतेय, खालून दोन स्क्रू मारा. (मारतो म्हटलं की मला ते मारून झाल्यासारखंच वाटतं.) तर दिवा मालवलेला, भावोजींच्या नाकावर चाचणीची फ्रेम, नंबर जवळजवळ काढून झालेला, आणि ते म्हणाले, अक्षरं डुलतायत. मलाही जरा गरगरलं, पण न्याहारी झाली नव्हती, आणि वरची धडधड म्हणजे शिवणयंत्र. मी काच बदलली. अजून डुलतायत. नंबर वाढवला, कमी केला, तिरका नंबर घातला, त्याचा कोन फिरवून पाहिला. एकतीस वर्षांच्या धंद्यात अशी अक्षरं मी ऐकली नव्हती, पण जमत नाही म्हणणं, तेही भावोजींपुढे, माझ्याने होईना. शेवटी पेटीतली एक जाडजूड काच, जी मी आजवर कुणालाच दिलेली नाही, ती चढवली आणि भावोजी म्हणाले, ''आता उभी राहिली. पुसट आहेत, पण उभी आहेत.'' मी म्हटलं, नजरेला सवय व्हावी लागते. (हे आम्ही सगळेच चष्मेवाले म्हणतो.) दुपारपर्यंत काचा घासून, फ्रेममध्ये बसवून चष्मा हातात दिला.

आता खरं सांगतो. तुझ्या लग्नापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, भावोजी मला 'काचवाला' म्हणतात. कौतुकाचा शब्द कधी नाही. काल निघताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुझ्या हातात कसब आहे रे, मी उगाच हसायचो. मग दुकानाची एकच पायरी, ती तीन असल्यासारखे पाय उचलत उतरले. ते मला खटकलं. पण ताई, मला इतकं बरं वाटलं होतं की मी त्याकडे काणाडोळा केला. आता तुमचा तो अरुंद जिना डोळ्यांपुढून हलत नाही. एकवीस पायऱ्या आहेत त्याला. ते पडले तर मी तुला तोंड कसं दाखवू?

फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन नेहमी तेच उचलतात. बाकी इकडे सगळं क्षेम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे या पत्राबरोबर एक डबी दिली आहे. तिच्यात बरोबर नंबरचा चष्मा आहे (डुलायच्या आधीचा नंबर वहीत होताच), फ्रेम हुबेहूब तशीच. भावोजी आंघोळीला गेले की गुपचूप बदलून टाक. नजरेला सवय झाली असं त्यांना वाटेल, आणि माझं कसब शाबूत राहील. एवढं माझ्यासाठी कर.

आणखी एक : आरशाला स्क्रू मारले.

शेवटचं : पत्रंही तुमच्याकडे तेच फोडतात, ठाऊक आहे. फोडू देत. त्यांचा जुना चष्मा माझ्या खणात राहिलाय आणि नव्यातून या पत्रातलं एक अक्षर त्यांना लागणार नाही, म्हणजे ते तुलाच मोठ्याने वाचायला सांगतील. तेव्हा भूकंपापासून पुढचं मनातल्या मनात वाच. ही सूचना अगदी वर लिहायला हवी होती, हे आत्ता ध्यानात आलं. पण पत्र पुन्हा लिहायला वेळ नाही, बाहेर बस हॉर्न वाजवतेय. भावोजी, ऐकत असाल तर तो चष्मा आधी काढून ठेवा, आणि जिना उतरताना कठडा धरा.

आपला,
काचवाला