फेकायचं नव्हतं ते पाणी

प्रिय ठकू,

जमलं गं, जमलं! हात अजून तेलकट आहेत, कागदावर डाग पडला तर समजून घे. पाच महिने झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. हे पत्र तरी वाचशील की नाही, कोण जाणे. पण ही बातमी तुला नाही तर कुणाला सांगू?

तुझी आई आठवडाभर मावशीकडे गेली आहे. जाताना म्हणाली, उपाशी राहिलात तरी चालेल, माझी भांडी जाळू नका. काल दुकान बंद करून वर आलो, फडताळ उघडलं, तर लसणीचा एक गड्डा, चार सुक्या मिरच्या, दगड झालेला पाव आणि तू मागे ठेवून गेलेलं स्पॅगेटीचं पाकीट. त्याला रबराने अडकवलेली तुझ्या अक्षरातली कृती. चष्मा खाली दुकानात राहिला होता. म्हटलं, उकडायचं आणि फोडणीत टाकायचं, त्यात काय एवढं? अर्धं पाकीट उकडलं, पाणी मोरीत ओतून दिलं आणि वर नळाखाली स्वच्छ धुऊनही घेतलं! मग काय, तेल खाली, गोळा वर. शिवणीचा दोरा गुंतावा तसा. अन्न टाकवत नाही, म्हणून देवाचं नाव घेत गिळलं.

आज चष्मा लावून बसलो. तू लिहिलं होतंस, ‘पाणी फेकू नका’, खाली दोन रेघा. उकळत्या पातेल्यातलं ते गढूळ पाणी चमच्यात घेतलं, निवल्यावर दोन बोटांत चोळलं आणि हसूच फुटलं. अगं, ही तर खळ! पातळ खळ! तीस वर्षं पुस्तकं बांधायला मी कणकेची खळ शिजवतो आहे आणि काल तीच मोरीत ओतली! मग मंद आचेवर तेलात लसणीचे काप सोनेरी केले, मिरची चुरडली, वाटीभर ते पाणी घातलं, स्पॅगेटी घालून कढई हलवत राहिलो. तेल आणि पाणी एकजीव झालं, ठकू, माझ्या डोळ्यांदेखत! शिळा पाव किसून, कुरकुरीत भाजून वर पेरला. ताटापुढे हात जोडून क्षणभर डोळे मिटले. असा आनंद फार दिवसांनी झाला.

वासाने खालचे शिंपीकाका वर आले. ताटात बघून म्हणाले, काय हो, एवढे दोरे कुणासाठी कापलेत? पण दोनदा वाढून घेतलं. मग विचारलं, शिकवलं कुणी? मी म्हटलं, मुलीने. ते म्हणाले, ती तर ऑफिसात आहे ना मोठ्या?

ठकू, हे मीच पसरवलं होतं. तुझ्या चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांना तेच सांगत होतो आणि तू माझ्या मागेच उभी होतीस. तू न जेवताच निघून गेलीस. आज काकांना स्पष्ट सांगितलं, ऑफिस वगैरे काही नाही, माझी मुलगी हॉटेलात स्वयंपाक करते. सांगताना आवाज जरा चढलाच. ते म्हणाले, मग इतके दिवस लपवलंत कशाला? मी ताटं उचलायला लागलो. तुला तरी काय उत्तर देऊ? चुकलो, एवढंच लिहिता येतं. रविवारी तुझ्या हॉटेलात जेवायला येईन म्हणतो. वाढणाऱ्याने विचारलं, तर तुझा बाप म्हणून सांगू ना?

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा