वंदनाचं नाव पटावर

९ जुलै
वंदनाचा निकाल लागला. तलाठी. पेढे घेऊन थेट लॅबमध्ये आली, सलवारीला चिखल, सकाळी आईसोबत धानाच्या रोवण्यावर होती म्हणे. "अभिनंदन गं बाई," म्हटलं आणि पेढा टेबलावर तसाच ठेवला.
आमच्या संशोधन केंद्राची पीएच.डी.ची पहिली विद्यार्थिनी. दिघोरीच्या तलावातले बारके देशी मासे काहून कमी होऊन राहिले, हे शोधायला दोन वर्षं मरमर केली पोरीनं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळं टाका, मासे मोजा, बाटलीत भरा. अजून एक वर्ष पाहिजे होतं. एकच.
 तिची आई दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबते. कोणत्या तोंडानं थांब म्हणू?

१२ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती येणार. "मॅडम, केंद्राच्या जागा वाढवून घ्याच्या आहेत. दोनाच्या आठ." गाइड किती? एक. मी, दुखऱ्या गुडघ्यांसकट. "ते पुढचं पुढं पाहू."
वं. चाललीये, हे सांगितलं. हसले. "जाऊ द्या ना! नाव नका कापू फक्त. पटावर राहू द्या."
पटावरचं नाव तलावात उतरते काय?

३ ऑगस्ट
वं. रुजू झाली. नाकाडोंगरीकडे. दिघोरीपासून पार जिल्ह्याचं दुसरं टोक. जायच्या आधी लॅबची चावी द्यायला आली होती, सगळ्या बाटल्या पुसून ठेवल्या. मी उगाच खेकसले, "आता कायले पुसतेस?"
पार्ट टाइम करता येईल म्हणून नियम काढून बसले होते. वरिष्ठांची परवानगी लागते. तिचे साहेब म्हणाले, आधी परिवीक्षा संपू द्या. म्हणजे दोन वर्षं. विषय मंजूर होण्यातच आधीची वर्षं गेली, तोवर इथं नोंदणीची मुदतच संपते. म्हणजे झालंच.
रिटायर व्हायच्या आत आपल्या हातून एक तरी खरा प्रबंध व्हावा, एवढंच मागितलं होतं. फार होतं काय ते?

सप्टेंबर, पहिला रविवार
राहवलं नाही, दिघोरीला गेले. जाळं टाकायचं तर कंबरभर पाण्यात उतरावं लागते. आपल्याच्यानं होणार नाही हे माहीत होतं, तरी गेले. मासेमारी सोसायटीचे सदाशिवभाऊ तलावाच्या पाळीवर भेटले.
"मॅडम, पोरगी काहून नाई आली?"
"नोकरी लागली तिले."
"मंग बेस झालं!"
बेसच झालं की. मी पाळीवर बसून रडले. भाऊ बिचारे दुसरीकडे पाहत राहिले. या महिन्याची नोंद कोरी.

१० ऑक्टोबर
आणखी एक महिना कोरा. प्राचार्य नवे उमेदवार जमवून राहिले. आज तिघं येऊन गेले. एकाला प्रमोशनसाठी पाहिजे, एकीला सासरे म्हणतात म्हणून. तिसरा म्हणतो, "मॅडम, तलावात उतरावंच लागते काय?"
हसू आलं. घरी येईपर्यंत ते विरलं.

१४ नोव्हेंबर
प्राचार्य म्हणाले, समितीच्या दिवशी वं.ला एक दिवस बोलवा. नाही म्हटलं, चक्क भांडले. त्यांनी माझ्या माघारी स्वतःच फोन लावला.
मग वं.चा फोन. "मॅडम, येऊ काय?" नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "रजा भेटते?" थू माझ्या जिंदगानीवर.

१८ नोव्हेंबर
समिती आली. वं. पहाटेच्या बसनं निघाली, लाखनीला बदलून वेळेवर हजर. तिच्या जुन्या खुर्चीवर बसवलं. अध्यक्षांनी वेळ घालवायला विचारल्यासारखं विचारलं, तुमचा विषय काय.
ती सुरू झाली. बाटल्या एकेक हातात देऊन सांगितलं. सोसायटी तलावात मोठ्या माशांचं बीज सोडते, ते वाहून जाऊ नये म्हणून सांडव्याला जाळी बांधते. बारके मासे पावसात त्याच वाटेनं धानाच्या बांध्यांमध्ये जातात, तिथं अंडी घालतात. वाट बंद, तर पिल्लं कुठून येतील? "जाळी काढा असं मी म्हणत नाही सर, सदाशिवभाऊंचं पोट आहे त्याच्यावर. पहिल्या पावसाचे काही दिवस उघडी ठेवता येते काय, ते पाहाचं आहे. त्यासाठीच अजून एक वर्ष पाहिजे."
अध्यक्षांनी पेन खाली ठेवला. मोबाइल पाहणारे दोघंही ऐकू लागले. "प्रबंध कधीपर्यंत?" वं.नं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. प्राचार्य म्हणाले, "वर्षभरात, सर."
बसस्टँडवर सोडायला गेले. वं. बसची पाटी वाचत उभी होती. मग म्हणे, "मॅडम, बोलता बोलता मी भुललीच का मी तलाठी आहो." बस लागली. चढताना मागं पाहिलं नाही.

२ डिसेंबर
आठ जागा मंजूर. शेऱ्यात लिहिलंय, केंद्रातलं प्रत्यक्ष क्षेत्रकार्य कौतुकास्पद. स्टाफरूममध्ये समोसे, मला शाल. ज्या कामाचं कौतुक, ते करणारी तिकडं सातबारे काढून देते, आणि शाल माझ्या खांद्यावर. अंगाची आग झाली.
सर्वांसमोर सांगितलं, उद्या वं.चा नोंदणी रद्द करायचा फॉर्म भरते. खोटं नाव नाही ठेवणार. प्राचार्य बाजूला घेऊन म्हणाले, "पागल झाल्या काय मॅडम? आत्ताच तर जागा भेटल्या!"

डिसेंबर, पहिला शनिवार
फॉर्म भरून झाला. माझी सही तेवढी बाकी. तिला न सांगता करणं बरं नाही म्हणून फोन लावला. मागं कोणीतरी बांधावरून भांडत होतं. सगळं ऐकून घेतलं तिनं.
"मॅडम, नाव नका ना कापू."
"अगं, मुदत संपते."
"मले माहीत आहे."
"मंग?"
"तरी बी." मग घाईघाईनं, "उद्या सुट्टी आहे मले. पहिला रविवार. मी दिघोरीले जातो, सदाशिवभाऊले जाळं ठेवाले सांगितलं. तुम्ही या, नाहीतर नका येऊ."
म्हटलं, इतके महिने कोरे गेले, एका रविवारानं काय होणार? ती म्हणाली, "बाटल्या घेऊन या मॅडम, माह्याजवळ नाहीत." आणि फोन ठेवलाच.
प्राचार्य म्हणतात नाव कापू नका. हीही तेच म्हणते. त्यांचं ऐकलं की कापावंसं वाटते, हिचं ऐकलं की हात धजत नाही. नाव तर एकच आहे.
चार बाटल्या धुऊन पिशवीत ठेवल्या. फॉर्म टेबलावर आहे. पेनही तिथंच आहे.